चालू पॉइंट आधी उघडावा

राहत्या गाडीचा मालक वायरमनला बोलावतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लाइट लागतात, पंखा फिरतो, पण प्लगमध्ये करंट नाही. मोबाइल चार्ज होत नाही, फ्रिज थंड राहत नाही, मिक्सर मुका. त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो: लाइट आहे, तर प्लगला काहून नाही?

माझं काम मंगरूळपीर-शेलूबाजार पट्ट्यातलं. घरांची वायरिंग, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, लग्नाच्या मांडवातली तात्पुरती लाइन, हे नेहमीचं. गाड्यांचं काम मागाहून वाढलं. तशा मुक्कामाच्या गाड्या आमच्या वाशीम जिल्ह्याला नव्या नाहीत. काढणीच्या दिवसांत पंजाबचे हार्वेस्टर येतात, त्यांच्या माणसांचं बिऱ्हाड गाडीवरच असतं. उन्हाळ्यात तमिळनाडूचे बोअरवेलचे ट्रक गावोगाव फिरतात, ती पोरं ट्रकवरच रांधतात आणि ट्रकवरच झोपतात. रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाची यात्रा भरते, तेव्हा शेताशेतात गाड्यांचे तळ पडतात. पुढं ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्या भागात आणखी एक जात उतरू लागली: आत पलंग, ओटा, फ्रिज बसवलेली, घरासारखी सजवलेली गाडी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये अशा कॅरॅव्हॅनच्या पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. लोक नागपूरकडून निघतात, पोहरादेवी करतात, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचं दर्शन घेतात आणि लोणारकडे जातात. वाटेत प्लग बंद पडला की ढाबेवाला आमच्यापैकी कुणाचा तरी नंबर देतो.

या गाड्यांत विजेचे दोन संसार असतात, हे मालकाला सहसा कुणी सांगितलेलं नसतं. एक बॅटरीचा, १२ व्होल्टचा. छतातले दिवे, छोटा पंखा, पाण्याचा पंप त्यावर. दुसरा घरासारखा २३० व्होल्टचा, म्हणजे भिंतीतले तीन पिनांचे पॉइंट. त्यांना वीज मिळते बाहेरून जोडलेल्या केबलीतून, नाहीतर इन्व्हर्टरमधून, नाहीतर जनरेटरवरून. त्यामुळे दिवे लागतात याचा अर्थ बॅटरी शाबूत आहे, एवढाच. प्लगबद्दल त्यावरून काहीही कळत नाही. हे समजावून सांगायला मी पाच मिनिटं घालवतो, कारण ते समजलेला मालक पुढच्या वेळी फोनवरच निम्मं निदान सांगतो.

नमुन्यादाखल एक काम सविस्तर सांगतो. शेलूबाजारजवळच्या एका शेतातल्या घरी नागपूरकडचे एक निवृत्त मास्तर आणि काकू आपली गाडी घेऊन मुक्कामी आले होते. मोठी ट्रॅव्हलर, आत लाकडाचं काम सुरेख. दारापाशी एक पॉइंट, मग ओट्यावर, मग पलंगाखाली आणि मागच्या कोपऱ्यात. दाराजवळचा चालू, बाकीचे तिन्ही बंद. मास्तर हाताचे कसबी. त्यांनी ओट्यावरचं सॉकेट खराब झालं असं समजून मंगरूळपीरहून नवीन आणून बसवलंही होतं. तरी बंद ते बंदच. मी पोचलो तेव्हा शेतमालकाचा पोरगा टेस्टर घेऊन उभा होता.

“पाहा ना भाऊ, दोन्ही भोकांत लागते. डबल फेज आला वाट्टे.”

त्याला वाटलं त्यात नवल नाही. आमच्या शेतात थ्री फेजची लाइन असते, फेजची भानगड पोरांच्या कानावर लहानपणापासून असते. मी टेस्टर हातात घेतला. उजव्या भोकात लागला, डाव्यातही लागला. ओट्याखालच्या फ्रिजची पिन तशीच खोचलेली होती. ती काढायला सांगितली. आता डाव्या भोकात टेस्टर विझला. इथंच निदान अर्धं झालं. न्यूट्रल मागे कुठंतरी तुटलं होतं. फेज फ्रिजपर्यंत येत होता, फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलच्या तारेत उतरत होता आणि परतीची वाट नसल्यामुळे तिथंच थांबत होता. म्हणून दोन्ही भोकांत टेस्टर लागत होता. फ्रिज काढला, वाट गेली, टेस्टर विझला.

ही खूण प्रत्येक वायरमनला माहीत आहे, पण घरच्या माणसालाही माहीत असावी, कारण तिच्यात धोका आहे. न्यूट्रल तुटलेल्या पॉइंटवरचं यंत्र बंद असतं, मेलेलं दिसतं, आणि त्याच्या दोन्ही तारांत पूर्ण फेज उभा असतो. बंद आहे म्हणून कुणी ते उघडून हात घातला तर जीव जाऊ शकतो.

नुसत्या टेस्टरवर मी थांबत नाही. टेस्टर करंट असल्याचं सांगतो, तो काम करील की नाही हे सांगत नाही. मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये साठ-सत्तर व्होल्ट, तेही हलणारे. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण २३० च्या आसपास. मग होल्डरला दोन तारा जोडलेला साधा शंभर वॅटचा टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलला धरला. ढिम्म. ते साठ-सत्तर व्होल्ट शेजारच्या तारेच्या सोबतीनं आलेले होते, त्यांत दम नव्हता. मीटर त्यांना फसतो, दिवा फसत नाही. आयटीआयला तारतंत्रीचा कोर्स करताना आमच्या निदेशकांनी हा दिवा आम्हाला स्वतःच्या हातांनी करायला लावला होता. महागडी मीटरं आली तरी माझ्या पिशवीत तो आहे. फक्त आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, बसवलेल्या लाइनवर तो फेज आणि अर्थमध्ये धरायचा नाही, आरसीसीबी ताबडतोब पडते.

आता प्रश्न उरला, तुटलं कुठं? मास्तर म्हणाले, “तीनही पॉइंट उघडून देऊ का?” मी म्हटलं, “सर, ते राहू द्या. दाराजवळचा उघडू.”

“अहो, तो तर चालू आहे!”

चालू आहे म्हणूनच आधी तोच. गाडीतले पॉइंट एकापुढे एक लूप केलेले असतात. डीबीतून, म्हणजे खटक्यांच्या पेटीतून, तार पहिल्या सॉकेटला येते, त्याच स्क्रूखालून निघून दुसऱ्याला जाते, तिथून तिसऱ्याला. शेवटचा चालू आणि पहिला बंद, बिघाड या दोघांच्या दरम्यान. ओट्यावरचं सॉकेट तर मास्तरांनी नवंच बसवलं होतं. मधली तार अखंड पट्टीतून गेलेली, तिला कुठं सांधा नव्हता. मग उरला चालू पॉइंटच्या पाठीमागचा सांधा. माणूस बंद पॉइंटशी झगडत बसतो आणि चालू पॉइंटकडे पाहतही नाही, कारण त्याची तक्रारच नसते. घरातही हेच होतं. गाडीत जास्त होतं, कारण घर जागेवर उभं असतं आणि गाडी मानोऱ्याच्या रस्त्यावरून आलेली असते.

मेन बंद केलं, बाहेरची केबलही काढून ठेवली आणि दाराजवळच्या पॉइंटचे दोन स्क्रू काढले. प्लेट पुढं ओढली. लाल तारा ठीक होत्या. हिरवी ठीक होती. काळ्या दोन तारा एकत्र पिळून एकाच स्क्रूखाली दाबलेल्या. त्यातली एक घट्ट होती. दुसरीचं तांबं बाहेरून बरं दिसत होतं, पण स्क्रूपाशी बॅकेलाइट तांबूस पडलेलं आणि तारेवरचं प्लॅस्टिक बोटाच्या पेराएवढं आकसून मागं सरलेलं. ती तार मी चिमटीत धरून हलकेच ओढली. हातातच आली. टोकाला सात-आठ केस उरले होते, बाकीचे सोलतानाच कापले गेले असावेत. जे उरले त्यांची टोकं काळी.

काकू आतापर्यंत पलंगावर बसून पाहत होत्या. मी विचारलं, “काकू, दारापाशी कधी जळका वास आला होता का?”

“आला होता की. पाण्याची किटली लावली की यायचा. मला वाटलं किटलीचाच.”

त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. गाडीत काय कधी चालतं, कशाला वेळ लागतो, कुठून वास येतो, हे रांधणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. मी कुठल्याही घरी गेलो तरी स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर काढत नाही. मास्तरांनी दोन दिवस खटपट केली, आणि निम्मं उत्तर हातभर अंतरावर बसलेलं होतं.

किटली दोन हजार वॅटची, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. ती ओट्यावर लावली की तेवढा करंट दाराजवळच्या त्या सात-आठ केसांतून परत जायचा. सैल सांधा तापतो, तापला की तांबं काळवंडतं, काळवंडलं की आणखी तापतो. गाडीचे हिसके त्यात भर घालतात. पुढं एक दिवस तार निसटते आणि प्लग बंद पडतो. खरं सांगायचं तर प्लग बंद पडला हे त्यांचं नशीब. निसटली नसती तर लाकडाच्या त्या सुरेख कपाटापर्यंत गोष्ट गेली असती, आणि गाडीत झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला दार एकच असतं.

दुरुस्ती साधी आहे, पण उरकायची नाही. जळलेला भाग कापला, तार नव्यानं सोलली, प्रत्येक टोकाला लग दाबला. दोन तारा एका स्क्रूखाली परत दाबल्या नाहीत. येणारी आणि जाणारी तार कनेक्टरमध्ये एकत्र केली आणि तिथून एक आखूड तार सॉकेटला दिली. असं केलं की एखादं सॉकेट ढिलं झालं तरी पुढचे पॉइंट त्याच्याबरोबर मरत नाहीत. तार जिथं पत्र्यातून आत येते तिथं रबरी ग्रोमेट नव्हतं, धारेवर घासून इन्सुलेशन निम्मं झिजलं होतं. ते बसवलं. मग ओट्यावरचं, पलंगाखालचं, मागचं, सगळे सांधे एकेक करून ओढून पाहिले. अर्थच्या पिनेपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत सलगपणा पाहिला. शेवटी किटली लावून पाणी उकळू दिलं आणि दाराजवळच्या प्लेटवर उलटा हात ठेवून पाहिला. गार होती. काकूंनी त्याच पाण्याचा चहा केला.

हे सगळं चालू असताना शेतमालकाच्या पोरानं एक उपाय सुचवला होता. तो मुद्दाम लिहितो, कारण तो आमच्याकडे सर्रास चालतो. “न्यूट्रल गेला तर अर्थिंगचा घ्या ना भाऊ, आमी मोटारीवरचा बल्ब तसाच लावतो.” शेतात न्यूट्रल नसला की फेज घ्यायचा, दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या रॉडला बांधायची आणि बल्ब पेटवायचा, हे मी शेकडो ठिकाणी पाहिलं आहे. बल्ब लागतोही. गाडीत हेच केलं तर काय होईल ते त्याला तिथंच बसवून सांगितलं. अर्थची तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. तिच्यातून करंट परत न्यायला लागलात आणि बाहेर कुठं ती तुटली, की फ्रिजमधून आलेला फेज सगळ्या पत्र्यावर पसरतो. आत बसलेल्याला काही जाणवत नाही, कारण त्याच्याभोवती सगळंच सारखं भारलेलं असतं आणि गाडी रबराच्या टायरांवर उभी असते. ओल्या मातीत अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरणारा माणूस मरतो. बहुधा पोर असतं, पाणी मागायला आलेलं. पोरगा गप्प झाला. नंतर स्वतःच म्हणाला, “मोटारीवरचा बी काढून टाकतो मंग.”

या प्रकारात आरसीसीबी लगेच पडते, आणि तिथून पुढचा अपराध सुरू होतो. आरसीसीबी सारखी पडते म्हणून लोक तीच काढून टाकतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये जाणारा आणि येणारा करंट ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडते. सात वॅटचा एलईडी बल्ब जेवढा करंट ओढतो, तेवढा हा फरक. एवढा करंट छातीतून गेला तरी माणूस जायला पुरतो. त्यामुळे ती पडली याचा अर्थ ती काम करते आहे.

पोहरादेवीच्या यात्रेत एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर मला बोलावलं होतं. तिथं आधी कुणीतरी “काम करून” गेलं होतं. आरसीसीबीच्या वरच्या आणि खालच्या तारा काढून सरळ एकमेकींना जोडलेल्या, वरून टेप. पॉइंट त्यामुळे चालू झाले होते, पण डॉक्टर ताईंना स्टीलच्या टेबलाला झिणझिण्या येत होत्या. मी आधी तारा पुन्हा आरसीसीबीत घेतल्या. मग गाडीतल्या सगळ्या पिना काढल्या, आरसीसीबी वर केली आणि एकेक पिन लावत गेलो. उपकरणं निर्जंतुक करायच्या जुन्या भांड्याची पिन लावली आणि ती खाडकन पडली. त्याचं एलिमेंट पाण्यानं फुटलं होतं. ते बाजूला ठेवलं, सगळे पॉइंट चालू. अशा वेळी एक बारकी गोष्टही लक्षात ठेवावी. पडलेला खटका मध्येच अडकतो. तो आधी पूर्ण खाली न्यायचा, मग वर करायचा. एवढ्यासाठीही मला लांबलांबून फोन आलेले आहेत.

त्या गाडीचं काम तिथं संपलं नाही, कारण रात्री ती जनरेटरवर चालणार होती. लहान जनरेटरचं न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेलं नसतं, अधांतरी असतं. त्यावर आरसीसीबी लावली आणि टेस्टचं बटण दाबलं तर ती पडते, आणि लोक निर्धास्त होतात. बटणाची वाट आतल्या आतच असते, तिचा जमिनीशी संबंध नाही. कुणाला शॉक बसायची वेळ आली तर परतीची वाटच नसल्यानं पहिल्या दोषाला ती पडत नाही, आणि दुसरा दोष आला की उशीर झालेला असतो. म्हणून जनरेटरचं न्यूट्रल त्याच्या सांगाड्याला आणि सांगाडा चांगल्या अर्थिंगला जोडावा लागतो. हे जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं.

चांगलं अर्थिंग, हे म्हणायला सोपं. चैत्रात आमची काळी जमीन भेगाळलेली असते, भेगेत हात जाईल इतकी. अशा जमिनीत ठोकलेला रॉड नुसता उभा दिसतो, मातीला धरत नाही. अर्थ टेस्टर लावला की आकडा पाहवत नाही. पोहरादेवीला मी पाण्याच्या टाकीखालची, सांडपाण्यानं सदा ओली राहणारी जागा शोधली, रॉड तिथं ठोकला आणि तार गाडीपर्यंत आणली. तार लांब गेली, चालेल. कायमच्या जागी मीठ-कोळशाचा खड्डा करतात, पण चार दिवसांच्या यात्रेत ओली जागा शोधणं हाच खरा उपाय. पावसाळ्यात हीच जमीन फुगून चिकट होते आणि रॉडला घट्ट धरते, तेव्हा आमचं काम सोपं.

आणखी एक पाहणी मी कधी चुकवत नाही. गाडीची केबल ज्या बोर्डात खोचली आहे तो बोर्ड. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. शेतातल्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे बसवलेले सारखे सापडतात. घरात त्यानं बल्ब लागतो म्हणून कुणाला कळत नाही. गाडीत मात्र एका तारेचा एमसीबी असेल तर तो न्यूट्रल तोडतो आणि फेज आत तसाच राहतो. खटका पाडून निवांत काम करायला बसलेल्या माणसाचा घात होतो. अर्थच्या भोकात पुष्कळ ठिकाणी तारच नसते, हे वेगळंच.

गाडी घेऊन निघणाऱ्यांना माझं सांगणं आहे. डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर निघण्याआधी बसवून घ्या, आणि महिन्यातून एकदा तिचं बटण दाबून पाहा. खराब रस्त्याचा मोठा प्रवास झाला की मेन बंद करून वायरमनकडून सगळे सांधे तपासून घ्या, चालू पॉइंटचेसुद्धा. जळका वास आला तर त्या दिवशी किटली लावू नका. आणि कुणी आरसीसीबी काढून “लाइन सरळ करून देतो” म्हणाला, तर त्याला पैसे देऊन परत पाठवा, पण डीबीला हात लावू देऊ नका.